पहिला मध काढताना: सातेरीच्या पेटीतून किती घ्यायचा, किती ठेवायचा

सातेरी म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी. तिची पेटी आणल्यावर पहिल्या उन्हाळ्यात सगळे एकच विचारतात, मध कधी काढायचा? त्याच्या आधी विचारायला हवं की ठेवायचा किती.

सह्याद्रीत मधाचा मोठा हंगाम साधारण मार्च ते मे. जांभूळ फुलतं, मागोमाग हिरडा, गेळा आणि बाकीची जंगलझाडं. त्यानंतर जून लागतो. महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. झडीच्या दिवसांत माशी पेटीबाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलात मकरंद नसतो. आपण एप्रिल-मेमध्ये जो मध काढायला जातो, ती त्यांची आगोट असते. कोकणात याच दिवसांत घरोघरी पापड, लोणची, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवतात. माश्याही तेच करत असतात. त्या बेगमीतून किती उचलायचं हे ठरवूनच पेटीला हात लावावा.

मी पहिल्या वर्षी हे ठरवलं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेटीच्या वरच्या कोठ्यातल्या सगळ्या चौकटी (ज्यांत माश्या पोळं बांधतात) रिकाम्या केल्या, आणि मोहात पडून खालच्या कोठ्यातल्या पोळ्यांच्या मधाच्या कडाही कापल्या. किलोभर मध जास्त मिळाला. जुलैमध्ये एका उघडिपीला झाकण काढलं तर आत एकही माशी नव्हती. मेणकिड्याच्या जाळ्यांनी भरलेली पोळी तेवढी उरली होती. सातेरी उपासमार झाली की पोळं सोडून निघून जाते, हा तिचा स्वभाव आहे. त्या किलोभर मधासाठी एक आख्खी वसाहत गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे लिहिलंय ते तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून.

कोणत्या माशीचा मध?

हा लेख पेटीतल्या सातेरीबद्दल आहे. आग्या या मोठ्या रानमाशीच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. तिचं उघड्यावरचं पोळं पेटीत येत नाही आणि ती पाठलाग करून डसते, माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. फुलोरी या छोट्या माशीचं पोळं तळहाताएवढं, मध थोडासा. तो तिच्याकडेच राहू द्यावा. मेलिफेरा ही परदेशी मधमाशी पाळत असाल तर पायऱ्या बहुतेक याच, फक्त मध कितीतरी जास्त निघतो आणि पेटीही मोठी असते. सातेरीची एक जोमदार पेटी चांगल्या वर्षी पाच-सहा किलो देते. पहिल्या वर्षी दोन-तीन किलो मिळाला तर ते उत्तमच समजा, आणि पेटी नुकतीच वसवली असेल तर त्या वर्षी मध काढूच नका.

पेटीची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खालचा मोठा कोठा पिलाव्याचा: तिथे राणी अंडी घालते, अळ्या वाढतात, आणि पोळ्याच्या वरच्या कडेला थोडा मध व पराग साठवलेला असतो. त्यावर बसतो तो मधकोठा, याला सुपरही म्हणतात. त्याच्या चौकटी कमी उंचीच्या. आपला हक्क असलाच तर फक्त या वरच्या कोठ्यावर. खालच्या कोठ्यातला मध एक थेंबही घ्यायचा नाही.

मध पिकला का, हे ओळखणं

मकरंद फुलातून येतो तेव्हा त्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. माश्या तो तोंडातून तोंडात फिरवतात, पंखांनी वारा घालतात, आणि पाणी उडून मध दाट झाला की पोळ्यातल्या त्या घरावर मेणाचं पांढरं झाकण बसवतात. हे झाकण म्हणजे माशीने दिलेला दाखला. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग असा झाकलेला दिसला की ती चौकट काढायला तयार. निम्म्याहून कमी झाकलेली असेल तर परत ठेवा आणि आठवडाभराने पाहा.

या दोहोंच्या मधली चौकट असेल तर एक साधी परीक्षा आहे. चौकट पेटीच्या वर आडवी धरून हलकासा झटका द्या. उघड्या घरांतून पाण्यासारखे थेंब पडले तर मध कच्चा आहे. नवं पांढरं पोळं उन्हात मऊ पडतं, म्हणून झटका खरंच हलका असू द्या, नाहीतर पोळंच निखळून हातात येतं.

कच्चा मध काढला तर तो आंबतो. हवेतलं आणि फुलातलं यीस्ट मधात असतंच, पाणी जास्त असलं की ते कामाला लागतं. बाटलीला फेस येतो, आंबूस वास येतो, कधी झाकण फुगतं. खाद्य सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात मधातलं पाणी २० टक्क्यांपर्यंत चालतं. सातेरीचा मध मुळातच थोडा पातळ, त्यात आपली दमट हवा, म्हणून झाकण बसेपर्यंत थांबणं आपल्याकडे जास्तच गरजेचं. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं उपकरण मिळतं, एक थेंब ठेवून पाण्याचं प्रमाण वाचता येतं. दोन-तीन पेट्या झाल्या की ते घ्यावं. एका पेटीसाठी डोळे पुरतात.

झाकणं ओळखताना सुरुवातीला गोंधळ होतो. मधाचं झाकण पांढरं, जरा खडबडीत. पिलाव्याचं झाकण तपकिरी, एकसारखं. नरांच्या घरांचं झाकण उंच टोपीसारखं आणि सातेरीत त्याच्या मधोमध बारीक भोक असतं. ज्या चौकटीत अळी किंवा पिलावा दिसेल ती मध काढायच्या यंत्रात घालायची नाही. राणी कधीकधी वर येऊन मधकोठ्यात अंडी घालते, तेव्हा प्रत्येक चौकट दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आदल्या दिवशीची तयारी

मध हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणून सगळी भांडी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. यंत्राच्या तळाशी राहिलेलं चमचाभर पाणी आख्ख्या मधाला पुरतं. लागणारं सामान असं:

चेहऱ्यावरची जाळी, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, धुराडं आणि त्यात जाळायला सुकी नारळाची सोडणं किंवा गोणपाटाचे तुकडे, चौकटी सुट्या करायला पटाशी, माश्या झाडायला मऊ ब्रश किंवा ताज्या गवताची जुडी, काढलेल्या चौकटी ठेवायला झाकणाचा डबा, लांब पात्याची सुरी, स्टीलची चाळणी, मलमलचं कापड, झाकणाची स्टीलची बादली. आणि मध काढायचं हाताने फिरवायचं यंत्र. दोन किंवा चार चौकटींचं यंत्र एका माणसाला पुरतं, पण एका पेटीसाठी विकत घेऊ नका. जवळच्या मधपाळाकडून दोन दिवसांसाठी आणा. तो स्वतः सोबत आला तर फारच छान.

त्या दिवशी अत्तर नको, वासाचं तेल नको, काळे किंवा लोकरी कपडे नकोत. केळं खाऊन पेटीपाशी जाऊ नये असं जुने मधपाळ सांगतात, त्यात तथ्य आहे. माशी डसते तेव्हा इतर माश्यांना सावध करणारा जो वास सोडते, तो पिकल्या केळ्याच्या वासासारखाच असतो.

पहिल्या वेळी एकटे जाऊ नका. काटा रुतला तर नखाने खरवडून लगेच काढा, जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. जागेवर धूर द्या म्हणजे वास मोडतो. थोडी सूज, खाज हे नेहमीचं. पण चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या तर वाट न पाहता दवाखान्यात जा. अशी प्रतिक्रिया पूर्वी कधी आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा छंद धरू नये.

पेटी उघडणं

कोरडा, उन्हाचा दिवस निवडा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बऱ्याच कामकरी माश्या रानात गेलेल्या असतात, तेव्हा आत गर्दी कमी. ढग दाटलेले असतील किंवा वारा सुटला असेल तर काम उद्यावर टाका, त्या दिवशी माश्या घरात आणि चिडक्या असतात.

दाराच्या समोर उभं राहू नका, तो त्यांचा रस्ता आहे. पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहा. दारातून धुराचे दोन-तीन झोत द्या आणि मिनिटभर थांबा. धूर लागला की माश्या पोटात मध भरून घेतात आणि सुस्तावतात, शिवाय त्यांचा सावधगिरीचा वासही झाकला जातो. धूर गार आणि पांढरा हवा. तो हातावर घेऊन पाहा, हाताला चटका बसला तर माश्यांनाही बसेल. मधकोठ्यात मात्र धूर जपून द्या. जास्त झाला तर मधाला धुराचा वास लागतो, आणि तो काही केल्या जात नाही.

छप्पर काढा. पटाशीने कडेची चौकट आधी सुटी करा, मग आतल्या. चौकट सरळ वर उचला, तिरकी केली की शेजारच्या पोळ्यावर माश्या चिरडतात आणि चिरडलेली माशी बाकीच्यांना चिडवते. चौकट पेटीवर धरून एक झटका दिला की बहुतेक माश्या खाली पडतात, उरलेल्या ब्रशने वरच्या दिशेने हलक्या हाताने झाडा. चौकट लगेच डब्यात ठेवा, झाकण लावा. उघडी राहिली तर दहा मिनिटांत आजूबाजूच्या पेट्यांतल्या माश्या येऊन लूट सुरू करतात, आणि एकदा लूट सुरू झाली की दुबळी वसाहत वाचवणं अवघड असतं.

हे सगळं वीस मिनिटांत आटपा. हालचाल सावकाश, काम मात्र लवकर. हे दोन्ही एकत्र जमायला दोन हंगाम जातात.

किती ठेवायचं

मी आता पाळतो तो हिशोब असा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला, जांभूळ भरात असताना, मधकोठ्यातल्या पिकलेल्या सगळ्या चौकटी काढल्या तरी चालतात. पुढचा फुलोरा बाकी असतो, माश्या पुन्हा भरतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी केली तर निम्म्या चौकटी काढायच्या, निम्म्या ठेवायच्या. मेच्या मध्यानंतर मी पेटीला हात लावत नाही. वळीव येऊन गेला की तर नाहीच, कारण फुलं झडलेली असतात आणि हवा दमट होते.

खालच्या कोठ्यात डोकावून पाहा. पोळ्यांच्या वरच्या कडेला दोन-तीन बोटं रुंद मधाचा पट्टा बहुतेक चौकटींवर असेल तर ठीक. तो नसेल तर वरचा मध कितीही पिकलेला असो, तसाच राहू द्या. साखरपाणी देऊन भरपाई करता येते असं बरेच जण म्हणतात. येते, पण साखरपाण्यात परागातलं, मधातलं बाकी काही नसतं. मला ती शेवटची सोय वाटते.

कारवीच्या भागात राहत असाल तर वेगळा हिशोब. कारवीचं झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी एकदा, पावसाळा सरता सरता फुलते, आणि त्या वर्षी शरदात दुसरी काढणी मिळते. हा मध दाट, गडद रंगाचा. त्याची घडणही निराळी आहे, म्हणूनच देशाच्या मधाच्या मानकात कारवीच्या मधाला साखरेच्या प्रमाणाची वेगळी मर्यादा दिलेली आहे.

यंत्रावर

हे काम बंद खोलीत करा, खिडक्यांना जाळी हवी. सुरी गरम पाण्यात बुडवा, कापडाने पूर्ण कोरडी करा, आणि पोळ्याच्या वरून झाकणांचा पातळ पापुद्रा खालून वर सोलून काढा. पापुद्रे चाळणीत टाका, त्यातून बराच मध निथळतो आणि उरतं ते उत्तम मेण.

सारख्या वजनाच्या चौकटी यंत्रात समोरासमोर बसवा, नाहीतर यंत्र थरथरतं. सुरुवातीला अगदी हळू फिरवा. एका बाजूचा निम्मा मध निघाला की चौकट उलटी करा, दुसरी बाजू पूर्ण काढा, मग पुन्हा पहिली. पहिल्याच फेरीत जोर लावला तर मागच्या बाजूच्या मधाच्या भाराने पोळं फुटतं. सातेरीचं पोळं नाजूक असतं.

यंत्र मिळालंच नाही तर मधकोठ्यातलं पोळं कापून, तुकडे करून चाळणीवर रात्रभर निथळू देता येतं. हाताने पिळू नका. पण पोळं गेलं म्हणजे माश्यांना ते पुन्हा बांधावं लागतं, आणि एक किलो मेण तयार करायला त्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असं मानलं जातं. यंत्राचा खरा फायदा हा आहे: रिकामं पोळं जसंच्या तसं परत देता येतं.

ते परत द्यायचं संध्याकाळी, अंधार पडता पडता. दिवसा ओल्या चौकटी ठेवल्या तर वासाने लूट होते. त्या रात्री दार थोडं अरुंद करा. जमिनीवर सांडलेला मध पाण्याने धुऊन टाका, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग पेटीत पोचलेली असेल.

गाळणं आणि भरणं

मध आधी स्टीलच्या चाळणीतून, मग मलमलमधून गाळा. झाकणाच्या बादलीत दोन-तीन दिवस शांत ठेवा. हवेचे बुडबुडे आणि मेणाचे कण वर येतात, तो थर चमच्याने काढा. तो टाकू नका, घरात चपातीबरोबर संपतो. मग कोरड्या काचेच्या बरण्यांत भरा. एक लिटरच्या बरणीत सुमारे १.४ किलो मध मावतो, हे लक्षात ठेवून बरण्या आणा. बरणीवर काढणीचा महिना आणि त्या वेळी फुलत असलेल्या झाडाचं नाव लिहा. तिसऱ्या वर्षी जांभळाचा तुरटसर मध आणि हिरड्याचा मध शेजारी ठेवून चाखाल तेव्हा त्या चिठ्ठ्यांची किंमत कळेल.

मध उकळू नका. गाळताना फारच घट्ट वाटला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, पाणी ४० अंशांच्या आसपास असावं. जास्त तापवला की रंग गडद होतो आणि सुगंध उडतो.

थंडीत मध थिजला तर घाबरू नका. तुपाला रवा धरला की आपण ते चांगलं म्हणतो, आणि मधाला रवा धरला की साखर घातली म्हणतो. मधात ग्लुकोज असतं, ते थंडीत कण धरतं. काही फुलांचा मध लवकर थिजतो, काहींचा वर्षभर पातळ राहतो. पाण्यात थेंब टाकणं, काडीला लावून पेटवणं, कागदावर पसरवणं, या घरगुती परीक्षांनी शुद्धता कळत नाही. दाट साखरेचा पाकही त्यात पास होतो. शेजारी-पाजारी विचारतील तेव्हा हे शांतपणे समजावून सांगा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरचा मध झाला की नातेवाईक बाळाला चाटवायला मागतात. एक वर्षाखालच्या मुलाला मध अजिबात देऊ नका, जन्मल्यावर मधाचं बोटही नको. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मध कितीही शुद्ध असला तरी हा धोका राहतोच. परंपरा आहे म्हणून कुणी आग्रह केला तरी बरणी देऊ नका.

पावसाळ्यात

पाऊस सुरू झाला की माश्यांनी न व्यापलेला मधकोठा काढून घ्या. रिकाम्या कोठ्यात मेणकिडा शिरतो. ती पोळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की किड्याची अंडी मरतात, मग कोरड्या जागी बंद ठेवा. पुढच्या हंगामात हीच पोळी कामाला येतात. पेटीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा म्हणजे पाणी आत साचत नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली ठेवतात त्या पाण्याच्या वाट्या भरलेल्या ठेवा.

पेटी हलकी वाटली, मधाचा पट्टा संपलेला दिसला, तरच साखरपाणी. एक किलो साखर, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. संध्याकाळी, पेटीच्या आत, पसरट भांड्यात, माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकून. गूळ देऊ नका, त्यांचं पोट बिघडतं. बाजारचा मधही देऊ नका, दुसऱ्या वसाहतींचे रोग त्यातून येऊ शकतात. आणि साखरपाणी चालू असताना वर मधकोठा ठेवायचा नाही. तो मध तुमच्या बरणीत आला तर तो मध राहत नाही.

हे सगळं वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट एकदा पाहून कळतं. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, दोन्हीकडे प्रशिक्षण मिळतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावातही तसंच काम उभं राहिलंय. एप्रिलमध्ये तिकडे जा, एखाद्या मधपाळाला विचारून त्यांच्या काढणीला दिवसभर हाताखाली राबा. मी बघायला गेलो होतो तेव्हा एका आजोबांनी सहा चौकटी उचलून पाहिल्या, चार डब्यात ठेवल्या आणि दोन हातात तोलून परत पेटीत सोडल्या. का, असं विचारलं तर त्यांनी फक्त पश्चिमेकडे, पाऊस येतो त्या बाजूला, मान वळवून दाखवली.